भाकरी तुमच्यावर कधी आल्या?

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा ते फार उत्साहात होते. "मॅडम, तुमची अख्खी नोकरी बायकांना तपासण्यात गेली. किस्से लिहा, हलकंफुलकं. फक्त ते पाळीबिळीचं जरा जपून. आमचा अंक घरातले सगळे वाचतात." मी म्हटलं, ज्या घरातले सगळे तुमचा अंक वाचतात, त्याच घरात कुणाला तरी पाळीही येत असणार. मग म्हणाले, "तरीपण."

या 'तरीपण'शी भांडण्यात माझी सगळी डॉक्टरकी गेली. म्हणून यंदा पाळीवरच लिहिते. त्यातही पाळीच्या आधीच्या दिवसांवर. पाळी आली हे कुणालाही कळतं, पण तिच्या आधीचे दिवस ओळखताना भल्याभल्यांची दांडी गुल होते.

मी मूळची नांदेडची, वडील रेल्वेत होते. सरकारी नोकरीनं मला लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत हेलपाटे घालायला लावले. शेवटची काही वर्षं उमरीला गेली. आता निवृत्त होऊन पुन्हा नांदेडला आले आहे आणि रिक्षावाल्यांशी भाड्यावरून भांडते. तेवढाच सराव राहतो.

तर या प्रकाराला डॉक्टर लोक पीएमएस म्हणतात. आमच्याकडे त्याची नावं बरीच आहेत. नखरे, माज, थेरं, बाहेरचं, आणि शिकलेल्या घरांत 'मूड'. पाळी यायच्या आधी काही दिवस बाईचं पोट फुगल्यासारखं होतं, छाती दुखते, डोकं ठणकतं, झोप उडते किंवा उठवतच नाही. गोड खावंसं वाटतं. बसल्या जागी डोळे भरून येतात. आणि राग येतो. बाकी सगळं बाई एकटीच सोसते, त्यामुळे ते कुणाला दिसत नाही. राग तेवढा घरादाराला दिसतो. म्हणून दवाखान्यातही तेवढा एकच येतो, आणि तोही नवऱ्याच्या तोंडून.

ओळखायचं कसं? काय होतंय यावर जाऊ नका, कधी होतंय ते बघा. पाळीच्या आधी सुरू व्हायला हवं, पाळी आली की एक-दोन दिवसांत ओसरायला हवं, आणि त्यानंतर काही दिवस बाई अगदी ठणठणीत असायला हवी. हे एकदा होऊन भागत नाही, निदान दोन महिने लागोपाठ दिसलं पाहिजे. इतकं सोपं आहे. पण सोप्या गोष्टीला घरात कुणीतरी लक्ष द्यावं लागतं, तिथेच घोडं अडतं.

मला स्वतःला हे पक्कं समजलं ते एका पुरुषामुळे. लातूर जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात आम्हाला एक मोठे साहेब होते. महिनाअखेरीला जिल्ह्याची मीटिंग असायची. तिच्या आधी काही दिवस साहेबांचं डोकं दुखायला लागे, पोटात गॅस धरे, झोप उडे. टेबलाच्या खणातून पेढे निघत. परिचारिकांवर ओरडत, फाईल भिरकावत, आणि एकदा तर 'माझं कुणी ऐकतच नाही' म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. मीटिंग झाली की दुसऱ्या दिवशी शीळ घालत हजर. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. वेळ जुळते, लक्षणं जुळतात, मधले दिवस स्वच्छ. सगळे निकष पूर्ण. फक्त साहेबांना कुणी बाहेर बसवलं नाही की उतारा टाकला नाही. उलट सगळा स्टाफ म्हणायचा, साहेबांवर लोड फार आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. महिनाभर रडू येत असेल तर तो हा प्रकार नव्हे. अंगात रक्त कमी असेल, थायरॉईड असेल, मन खरोखरच खचलेलं असेल, नाहीतर घरात रडण्यासारखंच काहीतरी चाललं असेल. आणि एखादीला त्या दिवसांत जीव नकोसा होत असेल, तर तिथे माझी थट्टा संपते. तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.

नांदेडचे एक प्राध्यापक माझ्याकडे एकटेच आले होते. मोबाईलवर बायकोच्या तारखांचं ॲप. "मॅडम, मिसेसला सिव्हिअर पीएमएस आहे. महिन्यातले तीन आठवडे." मी विचारलं, उरलेल्या आठवड्यात काय होतं? "तेव्हा ती माहेरी असते, लातूरला." मी म्हटलं, सर, मग हे दुखणं पाळीचं नाही, पत्त्याचं आहे. ते रागावून गेले. त्यांची तारीख विचारायची राहिली.

आता ज्या केससाठी हे सगळं सांगितलं, ती सांगते.

उमरीला असताना पित्रं सरता-सरता एके दिवशी कौसाबाई आल्या. जवळच्या गावच्या, घरची शेती, दार भरून बैल. बरोबर मुलगा बालाजी आणि सून वर्षा. कौसाबाईंनी बसण्याआधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत हे त्यातून त्यांना जेवढं कळायचं तेवढं कळलं, आणि शिपायानं आणलेला चहा एकदम 'आत्ताच घेऊन आले' असा झाला. तपासून घ्यायला मात्र हरकत नव्हती. आमच्या हाताच्या औषधाला गुण येतो, चहालाच तेवढा येत नाही.

"मॅडम, हिच्या डोक्यात फरक हाय," कौसाबाईंनी सुरुवात केली. "तसं लिहून द्या. दसरा झाला की बैठक हाय. हिच्या बापाला शिरूर अनंतपाळहून बलावलंय. कागद असला म्हंजे बोलायला बरं पडतंय."

"काय करते ती?"

"ताटं फोडती. लेकरावर वरडती. कोपऱ्यात बसून रडती. मंग आपोआप गप होती. होळीच्या पुनवेला पयल्यांदा सुरू झालं. देवऋषी म्हनला, पुनवेचं बाहेरचं हाय. लिंबाच्या पाल्याचा धूर दिला, कोंबडं दिलं. तर काय झालं मॅडम, पुनवेचं जरा-जरा मागं सरत गेलं अन् श्रावणात अवसेला व्हायला लागलं. देवऋषी म्हनला, पुनवेची गेली, आता अवसेची आली."

"म्हणजे बदली झाली म्हणा की."

"हाव, तसंच!" कौसाबाईंना वाटलं, डॉक्टरीणबाईंना विषय समजला.

देवऋषी बिचारा चंद्रावर हिशेब लावत होता. बाईची पाळी काही पंचांग बघून येत नाही. कुणाची चंद्राच्या पुढं, कुणाची मागं. हिची दर वेळी थोडी आधी यायची, आणि तिच्याबरोबर बाधाही सरकत होती. पण मला हे ठरवायला तारखा हव्या होत्या. मी विचारलं, पाळी कधी येते? वर्षानं फरशीकडं बघितलं. बालाजीला खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. कौसाबाई म्हणाल्या, "आता तारखा कोन ध्यानात ठेवतंय मॅडम?"

इथे मला एक युक्ती ठाऊक होती. ती कुठल्या पुस्तकात नाही, पण आमच्या भागात हमखास चालते. मी विचारलं, "घरात बाजूला बसता का?"

"बसावंच लागतंय की. देवाधर्माचं घर हाय आमचं. चार दिस ओसरीवर, ताट-तांब्या येगळा."

"मग त्या चार दिवसांत भाकरी कोण करतं?"

कौसाबाई खुर्चीत सरसावून बसल्या. "कोन म्हंजे? मीच मरती की! सगळ्या भाकरी माझ्यावर येतात."

"शेवटच्या तुमच्यावर कधी आल्या?"

"ह्या पित्रांतच. घरी पित्रं, जेवायला गोतावळा, अन् ही ओसरीवर!"

"त्याआधी?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिशी."

"त्याच्या आधी?"

"पंचमीला. अख्खी पंचमी मी चुलीपुढं काढली. पोरीबाळी झोके घ्यायल्या अन् मी एकटी रांधायले."

बघा. तारखा कोण ध्यानात ठेवतंय म्हणणाऱ्या बाईनं सगळा श्रावण-भाद्रपद धडाधडा म्हणून दाखवला. सुनेची पाळी तिला आठवत नव्हती, आपल्या भाकरी आठवत होत्या. बाजूला बसायच्या रीतीत माझ्या मते तेवढी एकच सोय आहे: पाळी कधी आली ते घराला, गल्लीला आणि गोठ्यातल्या बैलालासुद्धा कळतं. तरी एवढ्या सगळ्यांतून त्याच्या आधीचे चार दिवस बघायला कुणाला फुरसत होत नाही. आणि बाहेर बसणं म्हणजे काय, ते मला कौसाबाईंनी सांगायची गरज नव्हती. त्यांची सून महिन्यातून चार दिवस बाहेर बसायची. माझ्या आईचं लहानपणीचं सगळं घरच गावाबाहेर होतं, बाराही महिने.

"आता सांगा, ताटं कधी फोडली?"

"पित्रांचं ताट, घरी पित्रं व्हती त्याच्या आदल्या रोजी. पोळ्याचं, आदल्या दिशी, बैलांची खांदेमळणी व्हती तवा. पंचमीचं..." कौसाबाई थांबल्या. "कासार आल्ता बांगड्या भरायला, तवा. पंचमीच्या आधीच की."

"आणि भाकरी तुमच्यावर आल्या की?"

"मंग वरडत न्हाई. ओसरीवर गप पडून ऱ्हाती. उठली की लई गुणाची. हसती, लेकराला पाटीवर शिकविती." त्यांनी सुनेकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. "म्हंजे मॅडम, अवसेचं न्हाई हे?"

"नाही. भाकरीच्या आधीचं आहे."

मी बालाजीला विचारलं, ताट आपटताना ती बोलते काय? तो हसला. "ते काय ध्यानात घ्यायचं मॅडम. शाळंवर जाऊ द्या म्हनती. डी.एड. हाय ना ती. गावातल्या शाळेत शिकवायला बलावलंय म्हनती. रोगात मानूस काहीबी बोलतंय." दाराबाहेर रांग होती. मी ते ऐकलं आणि रक्त तपासायचा कागद लिहिला.

वर्षाला पडद्याआड तपासलं, तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "मॅडम, मला येडी लिहू नका. बैठकीत तो कागद दाखवून मला माहेरी धाडतील अन् पोरगी ठेवून घेतील. मी येडी न्हाई. त्या दिसात मला आवरत न्हाई, एवढंच. पोरीवर वरडले की मलाच नंतर रडू येतंय."

सगळं दुखणं तिनं तीन वाक्यांत सांगितलं होतं. मला हे शिकायला कॉलेजची कितीतरी वर्षं लागली.

मी कागद दिला नाही. उलट सांगितलं, अजून दोनदा भाकरी तुमच्यावर येऊ द्या, मग बैठक घ्या. मी वादाला तयार होते, पण कौसाबाईंनी पटकन मान्य केलं. मला आधी वाटलं, माझा शब्द मानला. मग कळलं, सोयाबीन काढायला आलं होतं आणि घरातले दोन हात ऐन वेळी माहेरी धाडणं परवडणार नव्हतं. शास्त्राला आपल्याकडे अशी मदत कुठून मिळेल सांगता येत नाही.

मधल्या नवरात्रात कौसाबाईंच्या स्वतःच्या अंगात आलं. दरवर्षी येतं. केस सोडले, घुमल्या, तांब्या भिरकावला. गावानं ओटी भरली, पाया पडलं. सुनेनं ताट फेकलं तर पाल्याचा धूर, सासूनं तांब्या फेकला तर नारळ. हे मला बालाजीनंच भक्तिभावानं सांगितलं. त्यात काही विचित्र आहे असं त्याला वाटलं नाही.

वर्षाच्या अंगात रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. त्या दिवसांसाठी तपासून एक वेगळी गोळी दिली. चहा कमी, मीठ कमी, रोज थोडं चालणं, आणि मुख्य म्हणजे झोप. बालाजीला सांगितलं, कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी खूण कर, आणि त्या खुणेच्या आधी आठवडाभर घरातली भांडणं उकरून काढू नकोस. पोरगा वाईट नव्हता. त्याला आजवर कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी ताट फुटलं नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. मी खूश. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, हात पोचत नव्हता तरी.

मग एकदा वर्षा एकटी आली. चेहरा बरा होता, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं.

"मॅडम, बरं वाटायलंय. पण आता येगळंच झालंय."

"काय?"

"आधी काही बोललं की म्हनायचे, येडी हाय. आता बोललं की म्हनतात, गोळी घेतली का? पोरीला दप्तर आणा म्हनलं तर हे उठून कॅलेंडर बघतात. शाळेचं तर काढूच देईनात. आधी निदान भांडायचे तरी मॅडम. आता माया करायलेत."

मला हसू आलं, आणि लगेच राग आला. बाईचं दुखणं ओळखता यावं म्हणून मी घरोघर हा शब्द पोचवला. घरांनी त्याचा उपयोग काय केला? आधी बाईचा राग भुताच्या खात्यात जायचा, आता पाळीच्या जातो. रागाचं कारण विचारायची पाळी कुणावरच येत नाही. भूत परवडलं, त्याला निदान कोंबडं तरी द्यावं लागायचं.

मी वर्षाला म्हटलं, बैठक अजून व्हायची आहे ना? मग बैठकीचा दिवस तू निवड. तिनं बोटांवर दिवस मोजले. मग हळूच हसली.

दिवाळी होऊन गेली होती. वर्षाचे वडील शिरूर अनंतपाळहून आले. शांत, काहीसे घाबरलेले, डोक्यावरची टोपी हातात घेऊन बसणारे गृहस्थ. कौसाबाईंचा हट्ट, बैठक मॅडमसमोरच. मी पेशंट संपल्यावर या म्हटलं. सगळे माझ्या तपासायच्या खोलीत दाटीनं बसले. वर्षाची मुलगी खाटेवर पाय हलवत होती.

कौसाबाई म्हणाल्या, "आता बरी हाय पोरगी. आम्हाला काही बोलायचं न्हाई. नांदवतो."

वडिलांनी डोळे पुसले. बालाजी उठायला लागला. विषय मिटला होता.

"आत्याबाई," वर्षा म्हणाली, "भाकरी तुमच्यावर कधी आल्त्या?"

कौसाबाई गोंधळल्या. "मागच्या हप्त्यात की. झालं की तुझं निघून."

"म्हंजे आज माझं काही न्हाई?"

"न्हाई."

"बघा," ती बालाजीला म्हणाली, "तुमच्या कॅलेंडरात बघा."

बालाजीनं खरोखरच मोबाईल काढला, त्यात कॅलेंडरचा फोटो होता. बघितला. मान हलवली. मग ती माझ्याकडं वळली. "मॅडम, तुम्ही सांगा. आज मी बरी हाय?"

"ठणठणीत."

"मंग आता ऐका." तिनं आवाज चढवला नाही. मुलीच्या फ्रॉकची गुंडी लावत-लावत बोलली. "मला शाळंवर जायचंय. दोन वर्षं झाली मी सांगायले. मी डी.एड. केलंय, बापानं रान गहाण टाकून नव्हं, पण पोटाला चिमटा घेऊन शिकवलंय. मला त्या दिसात राग लवकर येतो, खरं हाय. गोळी मी घेईन. पण शाळंवर जायचंय हे गोळीनं जायचं न्हाई."

बालाजी माझ्याकडं बघायला लागला. त्याचा चेहरा एखाद्या परीक्षार्थीसारखा झाला होता. "मॅडम, ही आता बरी असतानाबी तेच म्हनायली. मंग आता ह्याला काय म्हनायचं?"

मी उत्तर द्यायच्या आत कौसाबाई बोलल्या. त्या सुनेकडं नाही, फरशीकडं बघत होत्या.

"तवाबी ही हेच म्हनायची, बालाजी. पुनवेलाबी हेच, अवसेलाबी हेच. आपुन नुसती ताटं बघत बसलो."

शिपायानं चहा आणला. कौसाबाईंनी त्या दिवशीही तो घेतला नाही. एका दिवसात माणसानं सुधारायचं तरी किती.

वर्षा शाळेवर जाते. अधूनमधून तिचा फोन येतो, कधी गोळीबद्दल विचारते, कधी पोरांच्या खोड्या सांगते. घरी पाळीचे चार दिवस ओसरीवर बसणं अजून चालू आहे, ते मला थांबवता आलं नाही आणि तिलाही नाही. देवाधर्माचं घर आहे ते. त्या चार दिवसांत ती घरात भांड्याला हात लावत नाही. सकाळी ओसरीवरूनच उठून शाळेत जाते आणि दुपारी अख्ख्या गावाच्या लेकरांना आपल्या हातानं खिचडी वाढते. त्यात कौसाबाईंची नातही असते. त्या खिचडीनं कुणाला बाधा झाल्याची केस अजून तरी माझ्या कानावर आलेली नाही.